जुन्या व्हॅनचा गिअर पुन्हा पुन्हा अडकतो? आधी क्लच तपासा, मग तेलाचा डबा वाचा

तुळजापूरचा घाट चढताना दुसरा गिअर कर्र करतो. उतरताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायला गाडी तयार नसते. सकाळच्या पहिल्या फेरीला पहिला गिअर टाकताना ड्रायव्हरला खांद्याचा जोर लावावा लागतो आणि रिव्हर्स टाकला की आजूबाजूचे वळून बघतात. गिअर ऑइल बदललं की महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सोलापुरात जुनी ओम्नी, ईको, टवेरा, क्वालिस किंवा पहिल्या पिढीची इनोव्हा चालवणाऱ्या मालकांची तक्रार थोड्याफार फरकाने अशीच असते. या गाड्या शाळेची मुलं नेतात, पंढरपूर-अक्कलकोट-गाणगापूरचे भाविक नेतात, मार्केट यार्डातला माल नेतात. त्या उभ्या राहिल्या की घरचं उत्पन्न थांबतं. म्हणून हा विषय सविस्तर लिहितोय.

तक्रार पुन्हा पुन्हा येते याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. गाडीत दोन वेगळे दोष असतात आणि दुरुस्ती एकाचीच होते. त्यात तेलही चुकीचं पडतं, म्हणजे दुरुस्तीतूनच पुढचा दोष तयार होतो. वर नावं घेतलेल्या सगळ्या गाड्या मागच्या चाकांवर चालतात. त्यांच्यात गिअरबॉक्स पुढे आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल मागे, अशा दोन वेगळ्या पेट्या आहेत. दोघांचं काम वेगळं, आतले दात वेगळे, धातू वेगळे, तेलही वेगळं. प्रत्यक्षात काय होतं? ‘नव्वद नंबर’चा एक डबा येतो आणि त्यातूनच दोन्हीकडे भरलं जातं. माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या व्हॅनचे गिअर खराब होण्यात या एका सवयीचा वाटा फार मोठा आहे. पण तेलाकडे नंतर येऊ, कारण तेलाला दोष देण्याआधी क्लचची खात्री करायला हवी.

इंजिन बंद ठेवून पहिली चाचणी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका आणि काढा. एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे पडणार नाही, तेव्हा क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा, पडेल. इंजिन बंद असतानाही लिव्हर जड लागत असेल, चिकटल्यासारखा हलत असेल किंवा न्यूट्रल नेमका कुठे आहे तेच कळत नसेल, तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेर शोधा. केबल असेल तर ती आतून गंजलेली किंवा वाकलेली असते. रॉड असेल तर त्याच्या टोकाचे बुश गेलेले असतात. ज्या गाड्यांत लिव्हर थेट गिअरबॉक्सवर बसतो, तिथे लिव्हरच्या बुडाचा नायलॉनचा बुश झिजून लिव्हर लडबडतो. हे बुश स्वस्त असतात, पण ते न बदलता पेटी उघडून बसलेली गॅरेजं मी पाहिली आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटिंगही इथेच बघून घ्या. रबर फाटलं की वेग वाढवताना अख्खी पेटी जागा सोडते आणि गिअर अर्धवट बसतो.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू केलं की अडत असतील, तर संशय क्लचवर. याला ‘क्लच पूर्ण सुटत नाही’ म्हणतात. पेडल तळाला गेलं तरी क्लचची प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या जड चाकाला, थोडी घासत राहते, गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरत राहतो आणि फिरत्या शाफ्टवर तुम्ही गिअर टाकायला बघता.

याची खात्री करायला इंजिन चालू करा, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. अनेक जुन्या पेट्यांत रिव्हर्सला सिंक्रो (वेग जुळवून गिअर सहज पाडणारी रिंग) नसतो, म्हणून क्लच दाबून लगेच टाकला तर थोडा आवाज येतोच, तो दोष नाही. पण एवढं थांबूनही कर्र होत असेल तर शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच सुटत नाही. दुसरी खूण: क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला आणि सपाट जागेवर ब्रेक सोडला की गाडी हळूच पुढे सरकायला बघते. हे करताना गाडीसमोर माणूस, भिंत, दुसरी गाडी काहीही नको.

क्लच का सुटत नाही

सगळ्यात आधी पायाखालची मॅट उचला. कारखान्याचं कार्पेट, त्यावर रबरी मॅट, त्यावर पावसाळ्यात टाकलेलं पोतं, एवढे थर पेडलखाली असले की पेडल तळाला पोचतच नाही. एक-दोन इंचांचा हा फरक क्लच न सुटायला पुरेसा असतो.

ओम्नीसारख्या केबलच्या क्लचवर केबल ताणली जाते आणि पेडलचा प्ले, म्हणजे वरची मोकळी चाल, वाढतो. प्ले मॅन्युअलमध्ये दिल्याइतका लावून घ्या. अजिबात प्ले न ठेवता केबल टाइट करायची नाही. तसं केलं तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटला टेकून राहतं, लवकर आवाज करायला लागतं आणि चढावर क्लच सरकायला लागतो.

इनोव्हासारख्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, क्लचची परीक्षा सोपी आहे. गिअर अडला की पेडल दोन-तीन वेळा भराभर मारा. त्यानंतर गिअर सहज पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलकडच्या मास्टर नाहीतर गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलंय. पेडलच्या वरच्या बाजूला, फायरवॉलजवळ हात फिरवून ओल लागते का बघा. खाली स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट उचलून बघा. या लाइनमध्ये ब्रेक ऑइलच असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नव्या अवस्थेत किमान २०५ अंशांना उकळतं, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर असताना घाटात क्लच सतत दाबला जातो आणि स्लेव्ह सिलिंडर इंजिनजवळच असतो. ‘सकाळी गिअर मस्त, दुपारी अडतो’ ही तक्रार आली की मी आधी हे काळं झालेलं तेल बदलतो आणि हवा काढतो. त्यात बऱ्याच गाड्या सुटतात.

याशिवाय प्लेटच्या मधल्या हबचे आटे कोरडे पडून गंजणं, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग जाम होणं, इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल येऊन प्लेट चिकट होणं अशी कारणं असतात. पण त्यांच्यासाठी पेटी उतरवावीच लागते. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेलीही असू शकते.

क्लच ठीक, तरीही कर्र

आता आतल्या गोष्टी. सिंक्रो म्हणजे पितळेची एक रिंग असते. तिचा आतला भाग शंकूसारखा निमुळता असतो आणि त्यावर बारीक रेषा असतात. तुम्ही लिव्हर ढकलता तेव्हा ही रिंग आधी गिअरच्या शंकूला घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दात एकमेकांत जाऊ देते. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी एसटीच्या वेगाने पळतो आणि मग दांडा पकडतो, तसं हे आहे. वेग जुळायच्या आत उडी मारली की पडतो. इथे आपल्याला ऐकू येते ती कर्र.

आता नीट लक्षात घ्या, रिंगला हे काम करायला घर्षण लागतं. तिच्यावरच्या बारीक रेषा तेलाचा थर कापून बाजूला सारतात, तेव्हा पितळ पोलादाला पकडतं. तेल फार जाड असेल तर थर कापायला वेळ लागतो. तेलात फार निसरडी द्रव्यं असतील तर थर कापला जाऊनही पकड येत नाही. दोन्हीचा परिणाम एकच, वेग जुळायला उशीर.

सिंक्रो गेलाय की नाही हे पेटी न उघडता ओळखता येतं. एकच गिअर, बहुधा दुसरा किंवा तिसरा, खाली आणताना घासतो आणि बाकीचे ठीक असतात, तेव्हा त्या गिअरची रिंग झिजलेली असते. सगळेच गिअर घासत असतील तर तेल किंवा क्लच. मग डबल क्लच करून बघा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. असं केल्यावर गिअर गुपचूप पडत असेल तर सिंक्रो आपलं काम करत नाही हे पक्कं, कारण त्याचं काम तुम्ही पायाने केलंत. जुने ट्रकवाले हे सवयीनेच करतात आणि झिजलेल्या पेटीवर ते वर्षानुवर्षं गाडी ओढतात.

गिअर घासत नाही पण चालता चालता उडून न्यूट्रलला येतो, ही तक्रार वेगळी. तिथे माउंटिंग, लिव्हरच्या रबराचा अडथळा, आतली स्प्रिंग-गोळी, गिअर सरकवणारा फोर्क किंवा दातांची झीज बघायची. कुठल्याही तेलाने उडणारा गिअर थांबत नाही. आवाजाचंही एक सांगतो. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तेव्हा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग बोलतंय. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग.

तेलाचा डबा कसा वाचायचा

डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. एक जाडी, म्हणजे ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० असा आकडा. दुसरी प्रत, म्हणजे एपीआय या अमेरिकी तेलसंस्थेची जीएल-४ किंवा जीएल-५ ही खूण. बहुतेक लोक नव्वद वाचतात आणि डबा उचलतात. खरा घोळ दुसऱ्या गोष्टीत आहे.

जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलसाठी. तिथल्या क्राउन-पिनियन या जोडगिअरचे दात एकमेकांवर फिरता फिरता सरकतातही आणि त्यांच्यावर प्रचंड दाब असतो. म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं जास्त घातलेली असतात, जीएल-४च्या साधारण दुप्पट. ही द्रव्यं पोलादावर संरक्षक थर चढवतात. पण तेच गंधक तापलेल्या पितळेला खाऊ शकतं, आणि तो निसरडा थर सिंक्रोची पकड कमी करतो. आजकालच्या बऱ्याच जीएल-५ तेलांत पितळ वाचवणारी द्रव्यं घालतात, त्यामुळे रिंग खाल्ली जाण्याचा धोका पूर्वीइतका राहिलेला नाही. पकडीचा प्रश्न मात्र राहतोच. म्हणून ज्या पेटीला कंपनीने जीएल-४ सांगितलंय, तिच्यात जीएल-४च भरा. काही कंपन्या त्यांच्या पेटीसाठी दोन्ही चालतील असं मॅन्युअलमध्ये लिहितात. तिथे प्रश्न नाही, पण गिअर घासायला लागलेली पेटी असेल तर तिथेही मी जीएल-४कडेच जातो.

उलट चूक तितकीच महागात पडते. डिफरन्शियलमध्ये जीएल-४ भरलं तर क्राउन-पिनियनचे दात लवकर झिजतात आणि साठ-सत्तरच्या वेगाला मागून ऊंऊं असा आवाज सुरू होतो. एकदा हा आवाज आला की तो तेलाने जात नाही. म्हणून या गाड्यांसाठी दोन वेगळे सीलबंद डबे आणायचे, गिअरबॉक्ससाठी जीएल-४ आणि मागच्या हाउसिंगसाठी जीएल-५. एर्टिगासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि त्याचे दात वेगळ्या प्रकारचे असतात. तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेलं एकच तेल दोन्हीचं काम करतं.

जाडीबद्दल गैरसमज खूप आहेत. गिअर ऑइलचा नव्वद आणि इंजिन ऑइलचा चाळीस हे दोन वेगळ्या मापांवरचे आकडे आहेत. गरम असताना नव्वदचं गिअर ऑइल साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० हे दोन्ही तापल्यावर एकाच वर्गात बसतात. फरक पडतो तो थंडीत. आपल्याकडे बर्फ पडत नाही हे खरं, पण गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे गारठा असतो आणि शाळेची व्हॅन त्या वेळी निघते. पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर जड लागत असतील आणि मग सुटत असतील, तर ७५डब्ल्यूचं सिंथेटिक तेल तो त्रास कमी करतं.

आवाज दाबायला १४० नंबर भरायचा सल्ला देणारे भेटतात. कृपया ऐकू नका. जाड तेलाने बेअरिंगची घरघर काही दिवस कमी ऐकू येते, पण सिंक्रोची अवस्था आणखी वाईट होते आणि बेअरिंग आतल्या आत झिजतच राहतं. गिअरबॉक्समध्ये टाकायच्या ‘घर्षण कमी करणाऱ्या’ बाटल्यांबद्दलही माझं मत तेच. ज्या रिंगला घर्षणावरच जगायचंय तिचं घर्षण कशाला कमी करायचं?

आणि सुटं तेल घेऊ नका. पिंपातून मापाने ओतलेलं तेल काय आहे हे ना विकणारा सांगू शकतो, ना घेणारा तपासू शकतो.

बदलताना काय बघायचं

गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे तेल पातळ होईल आणि तळाचा गाळ वर येईल. गाडी सपाट ठेवून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली झोपू नका, ही विनंती हात जोडून करतो. मग आधी वरचा, तेल भरायचा बुच सोडवा. तो सैल झाल्याची खात्री झाल्यावरच खालचा बुच उघडा. खालून तेल काढून टाकलं आणि वरचा बुच गंजाने जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकते.

निघालेलं तेल उथळ पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात तिरकं धरा. सोनेरी चकाकी दिसली तर ते पितळ आहे, सिंक्रो झिजतायत. चकाकी पुसट असेल तर जुन्या पेटीत चालायचंच. तेल सोन्याच्या पाण्यासारखं दिसायला लागलं तर रिंगा संपत आल्यात. बुचाच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असतो, तो नेहमीचा. बोटाला टोचणारे तुकडे, चपटे कण किंवा दाताचा कोपरा सापडला तर तेल भरून गाडी परत देण्यात अर्थ नाही, पेटी उघडायलाच हवी. तेल दुधाळ दिसत असेल तर आत पाणी गेलंय. जीएल-५ला मुळातच उग्र, गंधकाचा वास असतो, त्यामुळे नुसत्या वासावरून तेल जळालं असं ठरवू नका.

लेव्हल मापायला साधा नियम आहे. बहुतेक पेट्यांत गाडी सपाट असताना तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं पाहिजे. बोट घालून बघा. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून चढाला उभं करून जास्त भरू नका. जास्त तेल फेसाळतं, तापतं आणि सीलमधून वाट काढतं. खालच्या बुचाचा वॉशर दर वेळी नवा टाका.

सीलबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती फार कमी जण बघतात. गिअरबॉक्सच्या आणि डिफरन्शियलच्या माथ्यावर एक छोटी ब्रीदर टोपी असते. पेटी तापली की आतली हवा तिथून बाहेर पडते. आपल्या भागात उसाच्या गाड्यांच्या रस्त्यांवरची धूळ आणि पावसाळ्यातली काळी माती त्या टोपीत बसते आणि वाळून दगडासारखी होते. मग हवेला वाट राहत नाही, आतला दाब वाढतो आणि तेल पुढून मागे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या बाजूच्या सीलमधून बाहेर येतं. मालक सील बदलतो, दोन महिन्यांत नवं सील पुन्हा गळतं. तेल कमी होत जातं, गिअर पुन्हा अडायला लागतो आणि दोष तेलाच्या कंपनीवर जातो. सील बदलायच्या आधी ब्रीदर डिझेलने धुवून, फुंकून, मोकळा आहे हे बघा.

गेल्या उन्हाळ्यात भाविकांची ने-आण करणारी एक टवेरा आली होती, ती याच साखळीचा नमुना होती. दुसऱ्या ठिकाणी तिचं तेल आणि सील एकाहून जास्त वेळा बदललेलं. ड्रायव्हर म्हणाला, “अण्णा, आता पेटीच बदला, रोज घाटात माणसं ओरडतात.” इंजिन बंद ठेवून गिअर टाकले तर सगळे छान पडत होते. चालू करून रिव्हर्स टाकला तर कर्र. पेडल दोनदा मारल्यावर गिअर पडला. मास्टर सिलिंडरची किट टाकली, हवा काढली, रिव्हर्स शांत झाला. दुसरा गिअर मात्र उतरताना अजून घासत होता. तेल काढलं तर तेच एका डब्यातलं जीएल-५, लेव्हल बोटभर खाली आणि ब्रीदर मातीने बंद. ब्रीदर मोकळा केला, जीएल-४ भरलं. घासणं त्याच दिवशी पूर्ण गेलं नाही, पण तुळजापूरच्या काही फेऱ्यांनंतर फक्त गार असतानाच आणि तेही क्वचित, एवढ्यावर आलं. रिंग झिजलेली आहेच, ती एक दिवस बदलावी लागेल. पण पेटी बदलायचा खर्च त्या कुटुंबावर आला नाही, याचं मला मनापासून समाधान आहे.

ऑटोमॅटिक असेल तर

मोबाइलवर ‘मिनीव्हॅन ट्रान्समिशन फ्लुइड’ शोधलं की बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतल्या गाड्यांचे येतात. डॉज कॅराव्हॅन, क्रायस्लरच्या व्हॅन, होंडा ओडिसी या तिकडच्या गाड्या ऑटोमॅटिक आहेत. ऑटोमॅटिक पेटीच्या तेलाला एटीएफ म्हणतात. क्रायस्लरच्या बऱ्याच व्हॅनना एटीएफ प्लस फोर लागतं, होंडाच्या बऱ्याच गाड्यांना डीडब्ल्यू-१ लागतं, ते सगळं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पण ते बघून टवेराच्या मॅन्युअल पेटीसाठी लाल तेल मागायला कोणी येतं तेव्हा थांबवावं लागतं. काही मॅन्युअल पेट्यांना एटीएफ लागतंही, पण ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं.

आपल्याकडे आता जुन्या होत चाललेल्या ऑटोमॅटिक गाड्या म्हणजे २०१५पासूनची चार गतींची पेट्रोल एर्टिगा आणि २०१६पासूनची इनोव्हा क्रिस्टा. एटीएफ फक्त वंगण नसतं. त्याच्याच दाबाने आतले क्लच जोडले जातात आणि त्यातल्या द्रव्यांवर त्या क्लचची पकड ठरते. म्हणून इथे ‘सगळ्या गाड्यांना चालणारं’ असं लिहिलेला डबा घेण्यापेक्षा कंपनीने सांगितलेलीच प्रत घ्या. क्रिस्टाला टोयोटाचं डब्ल्यूएस लागतं. टोयोटाचंच जुनं टी-फोर त्याच्या जागी चालत नाही. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) पेटी असेल तर तिचं तेल पूर्ण वेगळं असतं, तिच्यात साधं एटीएफ कधीही नको.

गिअर बदलताना झटका बसतो, डी टाकल्यावर दोन सेकंदांनी धक्का येतो, एका ठरावीक वेगाला गाडी थरथरते, अशा तक्रारी असतील तर आधी स्कॅनर लावून कोड बघा. इंजिनाचं मिसिंग, घाण थ्रॉटल, फाटलेलं माउंटिंग यांचे झटके गिअरबॉक्सच्या नावावर जमा होतात. मग तेल: लाल-गुलाबी आणि स्वच्छ असेल तर ठीक, तपकिरी झालं असेल तर बदलायची वेळ झाली, काळं आणि करपल्या वासाचं असेल तर आतले क्लच जळलेत.

डब्ल्यूएसच्या पेट्यांना सहसा डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून खालचा बुच उघडतात आणि जादाचं तेल बाहेर पडू देतात. बारीक धार थांबून थेंब पडायला लागले की लेव्हल बरोबर. हे तेलाच्या ठरलेल्या तापमानातच करायचं असतं. टोयोटाच्या अनेक पेट्यांना ते साधारण ३५ ते ४५ अंश आहे, आपल्या मॉडेलचा पट्टा मॅन्युअलमध्ये बघा. सोलापुरात इथेच गडबड होते. मे महिन्यात दुपारी सावलीत उभ्या गाडीचं तेलही जवळपास तेवढ्यावर आलेलं असतं आणि इंजिन चालू केलं की चार मिनिटांत पट्टा ओलांडून जातं. गरम तेल फुगतं, जास्त बाहेर पडतं आणि पेटी कमी तेलावर राहते. मग झटके आधीपेक्षा वाढतात. उन्हाळ्यात हे काम पहाटे, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर आणि स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत करून घ्या. दुपारी दोन वाजता ‘अर्ध्या तासात करून देतो’ म्हणणाऱ्याला नको.

बुच उघडून तेल काढलं तर ऑटोमॅटिकमधलं सगळं तेल निघत नाही, इंजिन आणि पेटी यांच्यामधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच राहतं. वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या पेटीत मशीनच्या दाबाने सगळं एकदम बदलण्याच्या मी विरुद्ध आहे. थोड्या थोड्या किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा काढून भरणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

तेल भरल्यानंतर

मॅन्युअल पेटीत नवीन जीएल-४ भरल्यावर पहिल्या दिवशी निकाल लावू नका. रिंगवरचा जुन्या तेलाचा निसरडा थर निघायला काहीशे किलोमीटर लागू शकतात. या काळात घाईने गिअर मारू नका, न्यूट्रलवर क्षणभर थांबून पुढचा टाका. पाचशे किलोमीटरच्या आसपास खाली वाकून दोन्ही बुच, मागचं सील आणि रिव्हर्स लाइटच्या स्विचची जागा कोरडी आहे का बघा आणि लेव्हल पुन्हा बोटाने तपासा. जीएल-५ बराच काळ राहिलेली पेटी असेल तर याच वेळी एकदा तेल काढून पुन्हा ताजं जीएल-४ भरून घेतलं तर चांगलं, कारण पहिल्या खेपेला थोडं जुनं तेल आत राहतंच. तेल कोणत्या प्रतीचं, किती किलोमीटरला, कोणत्या पेटीत भरलं हे चिठ्ठीवर लिहून ती ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे पुढच्या मिस्त्रीच्या हातात चुकीचा डबा जाणार नाही. काढलेलं तेल गटारात ओतू नका, जुनं तेल गोळा करणाऱ्याला द्या.

इतकं करूनही एखादा गिअर घासतच असेल, तर त्या गिअरची रिंग, तिच्यासोबतचा स्लीव्ह आणि फोर्क हे एकाच वेळी बघून घ्या, आणि पेटी उतरलीच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग व इंजिनचं मागचं सील त्याच मजुरीत करून घ्या.